आंकडा आणि शेरा : समुद्रावरील हवामान-मोजणीचा धडा

औंध, खटाव, माण हा सारा मुलूख पर्जन्यछायेंतला. महाबळेश्वरीं वर्षाला साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तेथून सरळ रेषेनें शंभर किलोमीटरांच्या आंतच असलेल्या आपल्या रानांत तो पांचशेंच्या आसपास येऊन थांबतो. पूर्वीच्या औंध संस्थानांतील आटपाडीचा भाग आज सांगली जिल्ह्यांत मोडतो. तेथील स्थितीहि याहून बरी नाहीं. अशा मुलखांत पेरणी आठ दिवस पुढें-मागें झाली तर खरिपाचें बियाणें मातींत जातें, आणि हस्ताचा पाऊस हुकला तर शाळूची आशा मावळते. म्हणून हवामानाचा अंदाज हा आपल्याला करमणुकीचा विषय नसून पोटापाण्याचा विषय आहे.

अंदाज चुकला म्हणजे आपण बोल लावतों. बोल लावण्यास हरकत नाहीं. परंतु तो अंदाज कशाच्या पायावर उभा असतो, हें समजून घेऊन बोललेलें बरें. आमची उभी हयात महसुली दप्तरांत गेली. तेथें एक गोष्ट मनावर कायमची ठसली : तेरीज कितीहि सुबक असली तरी मूळ पाहणीपत्रक कच्चें असेल तर ती तेरीजहि कच्चीच. हवामानाच्या गणिताचें असेंच आहे. त्याचें मूळ पाहणीपत्रक बव्हंशीं समुद्रावर, जहाजाच्या डेकवर उभें राहून लिहिलें गेलें आहे. तें कसें लिहितात, त्यांत चूक कोठें शिरते आणि ती कशी काढतात, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

पावसाचें मूळ ठिकाण

आपल्या शेतावर पडणारें पाणी आपल्या मुलखांत तयार होत नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं विषुववृत्त ओलांडून आलेला वारा आफ्रिकेच्या सोमाली किनाऱ्याजवळून वळतो, अरबी समुद्रावरून वेगानें येतांना बाष्प उचलतो आणि सह्याद्रीला धडकतो. त्यांतलें बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच पडतें. उरलेली ओल आपल्या वांट्यास येते. पुढें भाद्रपद-आश्विनांत आपल्याकडे जो पाऊस येतो, त्यांतला बराचसा बंगालच्या उपसागरावर उठलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळें येतो. म्हणजे आपले दोन्ही हंगाम दोन समुद्रांच्या हातीं आहेत.

समुद्र किती तापला आहे याला येथें फार महत्त्व आहे. पुण्यांत जन्मलेल्या शास्त्रज्ञ डॉ. सुलोचना गाडगीळ यांनीं १९८४ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह असें दाखविलें कीं, उत्तर हिंदी महासागरांत पृष्ठभागाचें उष्णतामान सुमारें २८ अंश सेल्सिअसच्या खालीं असलें तर तेथें उंच पावसाळी ढगांचे समूह क्वचितच उभे राहतात. २८ च्या वर गेलें म्हणजे त्यांना वाव मिळतो. मात्र प्रत्येक वेळीं ते उठतातच असें नाहीं. याच गाडगीळबाईंनीं पुढें अनंतपूर-पावगड भागांतील कोरडवाहू भुईमूग केव्हां पेरावा याचाहि अभ्यास केला, हें आपण शेतकऱ्यांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावें.

आतां या आंकड्याकडे नीट पाहा. २७.८ आणि २८.१ यांत अंतर अवघें तीन दशांशांचें. पण उंबरठा त्या दोहोंच्या मध्यें आहे. मोजणाऱ्याची तीन दशांशांची चूक म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडे कीं पलीकडे, एवढ्या मोठ्या प्रश्नाचें उत्तर चुकणें होय. आणि समुद्रावर एवढी चूक होणें किती सोपें आहे, हें पुढें दिसेल.

मोजणी कोणीं आणि केव्हांपासून केली

जमिनीवर तालुका कचेरीच्या आवारांत पर्जन्यमापक ठेवतां येतो. समुद्रावर कचेरी नाहीं आणि तलाठीहि नाहीं. जहाज जेथें जाईल तेथेंच नोंद होणार. १८५३ सालीं ब्रुसेल्स येथें दर्यावर्दी राष्ट्रांची परिषद भरली व जहाजावरील हवेच्या नोंदी सर्वांनीं एकाच नमुन्यांत ठेवाव्या असें ठरलें. अमेरिकन नौदलांतील लेफ्टनंट मोरी हे या कामाचे प्रवर्तक. आपल्या देशांत १८६४ चें कलकत्त्याचें चक्रीवादळ आणि १८६६ चा दुष्काळ यांचे तडाखे बसल्यानंतर १८७५ सालीं हवामान खातें स्थापन झालें.

हिंदी महासागराची पद्धतशीर पाहणी मात्र १९५९ ते १९६५ या काळांतील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनें झाली. अनेक देशांचीं मिळून सुमारें चाळीस जहाजें तींत होतीं. आपल्या नौदलाचें ‘किस्तना’ हें जहाज त्यांतलेंच. तें नांव म्हणजे आपली कृष्णामाईच. याच मोहिमेसाठीं १९६३ सालीं मुंबईस कुलाबा वेधशाळेंत आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र निघालें. मोहीम संपतांच १ जानेवारी १९६६ रोजीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचें मुख्य ठिकाण गोव्यांत दोना पावला येथें आहे. पुढें १९७६ सालीं ‘गवेषणी’, १९८३ सालीं पश्चिम जर्मनींत बांधलेलें सुमारें शंभर मीटर लांबीचें ‘सागर कन्या’ आणि २०१४ सालीं ‘सिंधु साधना’ अशीं संशोधन-जहाजें आपल्या देशाच्या कामीं आलीं.

संशोधन-जहाजांखेरीज मालवाहू जहाजांवरील अधिकारीहि स्वखुषीनें नोंदी करतात. जगभर ठरलेल्या एकाच क्षणीं, म्हणजे भारतीय वेळेप्रमाणें पहांटे ५-३०, सकाळीं ११-३०, सायंकाळीं ५-३० व रात्रीं ११-३० या वेळांना वारा, वायुभार, उष्णतामान, ढग व लाटा यांची नोंद होते. सर्वांची वेळ एक असल्याशिवाय एका जहाजाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीशेजारीं मांडतां येत नाहीं.

वारा मोजण्यांतील अडचण

जहाज स्वतः चालत असतें, ही पहिली अडचण. हवा अगदीं स्तब्ध आहे आणि जहाज ताशीं १० सागरी मैल वेगानें उत्तरेस चाललें आहे असें समजा. (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.) डेकवरील यंत्र उत्तरेकडून १० मैलांचा वारा येत असल्याचें दाखवील, वस्तुतः वारा मुळींच नाहीं. उलट वारा ज्या दिशेनें आणि ज्या वेगानें वाहतो त्याच दिशेनें व वेगानें जहाज चाललें तर यंत्राचें चक्र थांबेल आणि वारा नाहींच असा भास होईल. म्हणून यंत्रानें दाखविलेल्या वाऱ्यांतून जहाजाची गति व दिशा गणितानें वजा करावी लागते. जहाजाची दिशा लिहितांना चूक झाली तर वाऱ्याचा आंकडा यंत्र निर्दोष असूनहि खोटा ठरतो.

दुसरी अडचण जहाजाच्या धडाची. ओढ्यांत मोठा धोंडा असला म्हणजे पाणी त्याच्या कडेनें जोरानें धांवतें आणि मागें घुटमळतें. वाऱ्याचेंहि जहाजाभोंवतीं तसेंच होतें. डोलकाठीच्या एका बाजूस वारा खऱ्याहून जास्त भरतो, तर खोल्यांच्या आडोशाला तो फारच कमी भरतो. म्हणून सूक्ष्म मोजणीचीं यंत्रें जहाजाच्या अगदीं पुढच्या टोकाला, ज्याला दर्यावर्दी नाळ म्हणतात तेथें, पुढें काढलेल्या दांडीवर बसवितात, आणि मोजणीच्या वेळीं जहाजाचें तोंड वाऱ्याकडे करून ठेवतात. यंत्र पाण्यापासून किती उंचीवर आहे हेंहि लिहून ठेवावें लागतें, कारण उंचीबरोबर वारा वाढतो. सर्व आंकडे १० मीटर उंचीचे करून मगच एकमेकांशीं ताडून पाहतात.

उष्णतामान : हवेचें आणि पाण्याचें

लोखंडी जहाज उन्हांत तव्यासारखें तापतें. त्या तापलेल्या डेकवरून आलेली हवा उष्णतामापकाला लागली तर तो समुद्रावरील हवेचें मान न दाखवितां जहाजाचें मान दाखवितो. यासाठीं उष्णतामापक नेहमीं वाऱ्याच्या बाजूस, समुद्रावरून थेट येणाऱ्या ताज्या हवेंत व उन्हाआड धरावा असा नियम आहे.

पाण्याचें उष्णतामान घेणें याहून सोपें वाटेल. पूर्वीची रीत अशी कीं, दोराला बांधलेली बादली समुद्रांत सोडावयाची, भरून वर ओढावयाची आणि तींत उष्णतामापक बुडवावयाचा. कांहीं जहाजांवर बादली लांकडी असे, कांहींवर किंतानाची. आतां आपल्या घरचें मडकें किंवा पखाल आठवा. त्यांच्या अंगांतून पाणी पाझरतें, वाऱ्यानें सुकतें आणि आंतलें पाणी गार होतें. किंतानाच्या बादलीचें नेमकें तेंच होतें. ती डेकवर येईपर्यंत व उष्णतामापक स्थिर होईपर्यंत पाणी कांहीं दशांश अंशांनीं थंड झालेलें असतें. लांकडी बादलींत हा दोष कमी असतो.

पुढें वाफेचीं व तेलाचीं जहाजें आलीं. एंजिन थंड ठेवण्यासाठीं समुद्राचें पाणी नळानें आंत घेत. त्या नळांतच उष्णतामापक बसवून पाण्याचें मान वाचूं लागले. परंतु एंजिनाच्या खोलींतील उष्णतेनें हें पाणी किंचित् तापतें. म्हणजे बादली थंडीकडे झुकते, तर नळ उष्णतेकडे झुकतो.

१९४५ सालचा धडा

दुसऱ्या महायुद्धांत रात्रीं डेकवर दिवा घेऊन बादली ओढणें धोक्याचें झालें, कारण शत्रूला दिवा दिसे. म्हणून नळाच्या नोंदी वाढल्या. युद्ध संपतांच १९४५ च्या उत्तरार्धांत बादलीनें घेतलेल्या ब्रिटिश नोंदी पुन्हां मोठ्या प्रमाणांत येऊं लागल्या. परिणाम असा झाला कीं, साऱ्या जगाचा समुद्र त्या सालीं एकाएकीं सुमारें ०.३ अंशानें थंड झाला असें कागदोपत्रीं दिसूं लागलें. समुद्र थंड झाला नव्हता. मोजण्याची रीत बदलली होती. ही गोष्ट स्पष्टपणें ध्यानीं येऊन प्रसिद्ध झाली ती २००८ सालीं, म्हणजे साठांहून अधिक वर्षांनीं.

इतका उशीर कां लागला? आंकडे जपून ठेवले होते, पण पुष्कळ नोंदींपुढें ‘बादलीनें’ कीं ‘नळानें’ हा शेराच नव्हता. आंकडा होता, शेरा नव्हता. जे शास्त्रज्ञ आज जुन्या नोंदी दुरुस्त करतात, त्यांना कोणत्या देशाच्या जहाजावर कोणत्या काळीं कोणती बादली वापरीत हें शोधून काढावें लागतें. दोन शब्दांचा शेरा वेळीं लिहिला असता तर हे श्रम वांचले असते.

खोलीवरील पाणी आणि शिक्क्याचें माप

समुद्राचा नुसता पृष्ठभाग मोजून भागत नाहीं. उष्ण पाण्याचा थर किती जाड आहे आणि त्यांत मीठ किती आहे यावर पुढील आठवड्याची गोष्ट ठरते. बंगालच्या उपसागराला मोठ्या नद्यांचें गोडें पाणी मिळतें. तें हलकें असल्यानें वरच तरंगतें आणि पातळ थर लवकर तापतो. १९९९ च्या जुलै-ऑगस्टांत ‘सागर कन्या’ वगैरे जहाजांनीं तेथें उभें राहून मोजणी केली, तेव्हां असें दिसलें कीं, मोठा पाऊस होऊन गेल्यावर उतरलेलें पाण्याचें उष्णतामान कांहीं दिवसांतच पुन्हां चढतें आणि नव्या ढगांना वाव मिळतो.

पूर्वी खोलीचें पाणी नॉर्वेच्या नान्सेन यांच्या नांवाच्या बाटलीनें आणीत. इच्छित खोलीवर ती उलटी होई व तिच्या अंगचा उष्णतामापकहि उलटे. त्यासरशीं पाऱ्याची दांडी तुटून तेथलें मान वर येईपर्यंत जसेंच्या तसें राही. आतां पोलादी दोराला बांधून ‘सीटीडी’ नांवाचें विजेचें यंत्र सोडतात. तें पाण्याची विद्युत्-वाहकता, उष्णतामान व खोली एकसारखीं मोजीत जातें, आणि वाहकतेवरून मिठाचें प्रमाण काढतात.

परंतु यंत्रावर कोणी आंधळा विश्वास टाकीत नाहीं. त्याच्याभोंवतीं बाटल्या बसविलेल्या असतात. निरनिराळ्या खोलींवर त्या मिटून पाण्याचे नमुने वर येतात. त्या नमुन्यांचा खारेपणा जहाजावरील प्रयोगशाळेंत पुन्हां मोजतात, आणि मोजणारें उपकरण बंद कुपींतून आलेल्या प्रमाणित समुद्रजलाशीं ताडून घेतात. बाजारांत व्यापाऱ्याचें वजन सरकारी शिक्क्याच्या वजनाशीं ताडतात, तसाच हा प्रकार आहे.

२००२ चा पावसाळा

मोजणीचें काम कोणत्या कारणानें वाढत गेलें हें २००२ सालावरून कळतें. त्या वर्षीं सरासरीइतका पाऊस पडेल असा सरकारी अंदाज होता. प्रत्यक्षांत जुलै महिन्यांत देशाचा पाऊस सरासरीच्या निम्म्यावर आला आणि सबंध हंगामाची तूट १९ टक्के झाली. पश्चिम किनाऱ्यावर अतिवृष्टि कशी होते हें पाहण्यासाठीं त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यांत, जून ते ऑगस्ट, ‘सागर कन्या’ अरबी समुद्रांत पाठविलें होतें. मोहीम अतिवृष्टि मोजण्यासाठीं निघाली आणि तिच्या वहींत दुष्काळाचा जुलै नोंदला गेला. हें निष्फळ झालें असें समजूं नये. पाऊस कां आला नाहीं हें जाणण्यास, तो आला नाहीं तेव्हांची मोजणीच लागते. जो पाहणीदार केवळ चांगल्या पिकाची नोंद करील त्याचें दप्तर काय कामाचें?

त्या वेळचा दीर्घ मुदतीचा अंदाज मागील वर्षांच्या खुणांवरून बांधीत. पुढें महासागर व हवा एकत्र धरून मोठ्या संगणकांवर गणित करण्याची पद्धति आली. २०१२ सालीं सुरू झालेल्या मान्सून मोहिमेंत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनें हें काम वाढविलें. या गणिताला आरंभीं ‘आज समुद्र कसा आहे’ हें सांगावें लागतें. तें चुकीचें सांगितलें तर पुढचें सारें चुकतें.

उपग्रह आले, मग जहाजें कशाला, असा प्रश्न कोणी करील. उपग्रहाला समुद्राची केवळ वरची पातळ कातडी दिसते, आणि ढग आड आले कीं त्याच्या कांहीं यंत्रांना तीहि दिसत नाहीं. शिवाय उपग्रहाचा आंकडा खरा कीं खोटा हें ताडण्यास पाण्यांत बुडालेला उष्णतामापकच लागतो. जगाच्या समुद्रांत आज हजारों आर्गो तरंडें आहेत. तीं सुमारें दहा दहा दिवसांनीं २००० मीटर खोलींतून वर येऊन आपली नोंद उपग्रहामार्फत धाडतात. परंतु तीं सोडण्यास आणि त्यांची पारख करण्यास जहाज लागतेंच.

आपल्या पर्जन्यमापकाचें काय?

आतां घरच्या गोष्टीकडे वळूं. डोलणाऱ्या डेकवर, खाऱ्या फवाऱ्यांत उभें राहून माणसें तीन दशांशांसाठीं एवढी दक्षता घेतात. आपल्या स्थिर जमिनीवरील पर्जन्यमापकाची आपण किती घेतों? आमच्या नोकरीच्या काळांत एका तालुक्याच्या ठिकाणीं मापकाशेजारीं लिंबाचें झाड वाढत गेलें. नोंदवहींत त्याचा एका शब्दानें उल्लेख नव्हता. वाचणाऱ्याला त्या गांवचा पाऊस वर्षागणिक घटत चालला असेंच वाटलें असतें.

हवामान खात्याचे नियम साधे आहेत. सायमन्स पद्धतीच्या पर्जन्यमापकाचें तोंड १२७ मिलिमीटर व्यासाचें असून तें जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच व समतल असावें. झाड, भिंत वगैरे आडोसा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा. नोंद रोज सकाळीं ८-३० वाजतां व्हावी. ज्या मापकाची कांचेची मोजनळी त्याच मापकाला वापरावी. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकाची नळी सायमन्स मापकाला वापरली तर १० मिलिमीटर पाऊस केवळ ६.३ मिलिमीटर दिसेल. पाऊस पडला, रान भिजलें, आणि वहींत एक तृतीयांशाहून अधिक पाणी गडप झालें!

आज हा प्रश्न कागदापुरता राहिलेला नाहीं. महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं आहेत, आणि डाळिंब-द्राक्षांसारख्या फळपिकांच्या हवामानाधारित विम्याची भरपाई केंद्राच्या आंकड्यांवर ठरते. आटपाडीच्या डाळिंबवाल्याला हें निराळें सांगावयास नको. केंद्र छपराच्या आडोशाला असलें, मापकाच्या तोंडांत पाला साचला किंवा यंत्र चार दिवस बंद पडलें, तर शेतकऱ्याचें नुकसान खरें असूनहि त्याचा दावा आंकड्यापुढें टिकत नाहीं.

म्हणून सभासद बंधूंना आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या मंडळाचें केंद्र कोठें आहे तें स्वतः जाऊन पाहावें. आडोसा किंवा बिघाड दिसल्यास तारखेसह लेखी अर्ज कृषि अधिकाऱ्याकडे द्यावा व पोंच घ्यावी. दुसरी, गांवांत निदान एक साधा पर्जन्यमापक सोसायटीच्या खर्चानें मोकळ्या जागीं बसवावा, आणि त्याची वही एकाच माणसाकडे असावी. सरकारी आंकड्याच्या जागीं ती वही चालणार नाहीं. परंतु त्या आंकड्याविषयीं शंका रास्त कीं पोकळ हें ती सांगेल. तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. वहींत तारीख, वेळ व मिलिमीटर यांच्या पुढें एक रकाना शेऱ्यासाठीं ठेवावा. मापक बदलला, जागा हलविली, नोंद उशिरा झाली, नळी फुटून दुसरी आणली, मोजणारा बदलला, जें घडलें तें त्याच दिवशीं लिहावें. पाऊस नसेल त्या दिवशीं शून्य लिहावें. रकाना कोरा ठेवूं नये, कारण कोरा रकाना म्हणजे पाऊस नव्हता कीं मोजणारा नव्हता हें पुढें कोणालाच कळत नाहीं.

अशी वही दहा वर्षें चालली तर आपल्या गांवचा मृग कसा आणि हस्त कसा, याचें उत्तर आठवणीवर किंवा कोणाच्या मोठ्या आवाजावर अवलंबून राहणार नाहीं. तें पानावर लिहिलेलें असेल, आणि ज्याला शंका येईल त्याला शेरा वाचून तें तपासतां येईल.